काच लावावी की नाही

प्रिय भिंगरी,

दोन वर्षांपूर्वी तू मला तुझ्या नव्या मोटरसायकलचा फोटो पाठवला होतास आणि खाली लिहिलं होतंस, 'बाबा, हायवेसाठी पुढे काच लावून घेऊ का? खरंच उपयोग होतो की नुसता दिखावा? रविवारी फोन करते, तेव्हा सांगा.' त्या रविवारी मी तुला जे उत्तर दिलं ते चुकलं. बरोबर उत्तर आज लिहितोय. पाकीट हातात आल्यावर तू वरचं अक्षर दोनदा बघशील, कारण मी आयुष्यभर दुरुस्तीच्या पावतीवर 'काटा तपासला, चालू केला' यापलीकडे सलग चार ओळी लिहिलेल्या नाहीत. मला लिहायची सवय नाही. कुठे पुढचं मागे झालं तर सांभाळून घे.

आधी काचेचंच सांगतो, कारण ते मला सोपं जातं.

एकतीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करत हिंडलो, हे तुला माहीत आहेच. हायवेच्या कडेला ट्रक उभा करून तोलतात ना, ते जमिनीतले मोठे काटे. आज या गिरणीत, उद्या त्या गोदामात. हत्यारांची पेटी मागे बांधायची आणि निघायचं. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर सहज व्हायचे. डोक्यावर अर्धं हेल्मेट, कान उघडे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बास. पुढे काच नाही, अंगात जाकीट नाही. वारा छातीवर घेतला नाही तर मोटरसायकल चालवल्यासारखं वाटत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. घरी आलो की तुझी आई माझे डोळे बघून म्हणायची, रडत आलात की काय. मी म्हणायचो, हायवेला निरोप देताना भरून येतं.

आमच्या खात्यात एकच माणूस काच लावायचा. आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांच्या मोटरसायकलला पुढे छातीएवढी उंच पारदर्शक काच होती, म्हणून आम्ही त्यांचं नाव शोकेसराव ठेवलं होतं. ते कानात कापसाचे बोळे पण घालायचे. आम्ही विचारायचो, आज शोकेसमध्ये काय ठेवलंय, किलोला कसं दिलं. ते चिडायचे नाहीत. एकदा सोबत लांब जायचं होतं तेव्हा म्हणाले, परतीला माझी गाडी तू घे, तुझी मी घेतो. मी घेतली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी पोहोचलो तेव्हा खांदे दुखत नव्हते, मान आखडली नव्हती. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला घेऊन मी बागेतही गेलो. एरवी मी आल्याआल्या आडवा व्हायचो. तरी दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन मी काय सांगितलं, तर शोकेसच्या मागे बसून अगदी बाहुल्यासारखं वाटलं. सगळे हसले. मला हसू मिळालं, मग मी काच कशाला लावतोय?

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू तेव्हा पाण्याचे नमुने गोळा करायला रोज सत्तर किलोमीटर जायचीस आणि तितकेच परत यायचीस. एवढ्या अंतरासाठी काच लावावी. नुसत्या गावातल्या गावात फिरायचं असेल तर लावू नये, उन्हाळ्यात तिच्यामागे जीव उकडतो. हायवेला मात्र तासन्‌तास छातीवर वारा झेलणं म्हणजे कोणीतरी सारखं मागे ढकलत असल्यासारखं असतं. ते चालवताना कळत नाही, हातपाय गळून गेल्यावर कळतं. थकलेला माणूस ब्रेक उशिरा दाबतो. शिवाय किडे, खडे, थंडी. पण काच कुठलीही चालत नाही. तिची वरची कड तुझ्या नाकाच्या किंचित खाली यायला हवी. म्हणजे तू काचेतून नाही, काचेवरून बघशील. पावसात आणि समोरून ऊन आलं की काचेतून काही दिसत नाही. आणि काच बुटकी निघाली तर वारा तिच्यावरून उडून नेमका हेल्मेटवर आपटतो. मग आवाज कमी व्हायच्याऐवजी वाढतो. दुकानात बसून कळत नाही, हायवेला चालवून बघावं लागतं. हँडलला बसवलेली काच आडव्या वाऱ्यात हँडल ओढते. बाजूने मोठा ट्रक गेला की पहिले काही दिवस दचकशील. शक्य असेल तर सांगाड्याला पक्की करणारी घे. कोरड्या फडक्याने कधी पुसू नकोस, ओरखडे पडतात. आणि काच लावलीस तरी कानात बोळे घाल. पूर्ण हेल्मेट घातलंस तरी घाल. हे मी मोठ्या अक्षरात लिहिणार होतो, पण तू म्हणशील बाबा ओरडतायत.

कानावर एवढा जोर का देतोय ते सांगतो. हे मी गेल्या आठवड्यापर्यंत तोंडाने कोणालाच सांगितलं नव्हतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मला काट्याच्या यंत्राची पीप ऐकू येईनाशी झाली. वजन स्थिर झालं की यंत्र बारीक पीप करतं. मला वाटलं यंत्र खराब आहे, मी ते उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं. तिथला कामगार म्हणाला, साहेब, वाजतंय की. मी म्हणालो, हो, तेच बघत होतो. त्या दिवसापासून मी 'तेच बघत होतो' म्हणायला शिकलो. ऐकू न येणारा माणूस किती हुशारीने वेळ मारून नेतो ते तुला सांगून पटणार नाही. समोरचा हसला की हसायचं. त्याचा चेहरा पडला की चुकचुकायचं. बाकी मान डोलवायची. आवाज येतो गं, शब्द येत नाहीत. भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसं. एकदा समोरच्या घरातले मास्तर म्हणाले, आई पडली. मला वाटलं बढती मिळाली. मी त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

घरात तुझी आई माझा कान होती. तिला मी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. कोणी काही म्हणालं की ती माझ्याकडे तोंड करून तेच सहज पुन्हा म्हणायची, जणू तिच्याच मनात आलंय. तुझा फोन आला की मी दोन शब्द बोलून 'आईशी बोल' म्हणून फोन तिच्याकडे द्यायचो. तू तिच्याकडे तक्रार केली होतीस, बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं. ती तक्रारही तिने मला माझ्याकडे तोंड करून नीट सांगितली. मी म्हणालो, फोनवर काय बोलायचं, आली की बोलेन. तू आलीस की बोलायचो का, ते तुलाच आठवत असेल.

तुझी आई गेल्यावर शोकेसराव भेटायला आले होते. पांढरे झालेत पूर्ण, पण आवाज तसाच हळू. अर्धा तास माझ्याशेजारी बसून बोलले. वर पंखा फिरत होता. मी मान डोलवत होतो. जाताना दारात थांबले, स्वतःच्या कानाकडे बोट नेलं आणि भुवया उंचावून मला विचारलं. मी मानेनेच नाही म्हणालो. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली, त्या माणसाला सगळं कळलं आणि त्यांनी हसण्याचं नाव काढलं नाही.

आता परवाची गोष्ट. शनिवारी मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. का गेलो ते पुढे सांगतो. डॉक्टर तुझ्याच वयाची आहे. तिने मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला, मला वाटलं यंत्र अजून सुरू व्हायचंय. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, आणि मला दिसेल असं सावकाश म्हणाली, काका, यंत्र केव्हाच सुरू झालं होतं. मग तिने आलेख दाखवला. सुरुवातीला रेघ बरी आहे, पुढे दरीत कोसळल्यासारखी खाली गेलीय. काम काय करायचात, असं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, रोज चार-पाच तास वाऱ्याचा तो आवाज आणि वर ट्रकची इंजिनं, कान यापेक्षा वेगळं काय करणार. काच लावली असती तर कान शाबूत राहिले असते असं काही ती म्हणाली नाही. बोळे घालायला हवे होते, एवढंच म्हणाली. गेलेलं परत येत नाही. कानात यंत्र लावून उरलेलं जरा बरं ऐकू येईल. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल.

आता त्या रविवारचं.

तुझा फोन येणार म्हणून मी सकाळपासून तयारीत होतो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. काचेबद्दल काय काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. खरं तर तेव्हाही मला ठाऊक होतं की काच लावणं चांगलं. पण ज्या गोष्टीची आयुष्यभर टिंगल केली ती आपल्या मुलीला घे म्हणून सांगायची, हे काही जमेना. म्हणून मी ठरवलं होतं, काही गरज नाही असं सांगायचं. फोन आला. तू बोलायला लागलीस. आवाज तुझा होता, शब्द नव्हते. मी 'काय' म्हणालो. तू पुन्हा बोललीस. मी पुन्हा 'काय' म्हणालो. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. मध्येच तीन-चार शब्द हाती लागले. 'बाबा', 'रोज', 'सहन होत नाही', 'काय करू'. मला वाटलं, आलं लक्षात. रोज जाते, वारा सहन होत नाही, काच लावू का विचारतेय. आणि मग मी एका दमात सगळं बोलून टाकलं. म्हणालो, सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास होतो. मान जरा खाली घालायची, अंग आवरून घ्यायचं, काही दिवसांनी सवय होते. मी एवढी वर्षं काढलीच ना. एवढ्या-तेवढ्यासाठी काही करायची गरज नाही, आहे तसं राहू दे. मग म्हणालीस, 'बरं.' ते 'बरं' मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर मी खूश होतो, हे तुला सांगायलाच हवं. आईशिवाय मी पहिल्यांदाच तुझ्याशी इतकं बोललो होतो. बापाने मुलीला सल्ला दिला, तिने ऐकला. मी स्वतःसाठी चहा केला आणि तो कप घेऊन आईच्या फोटोसमोर बसलो.

त्यानंतर तुझे फोन कमी झाले. मला वाटलं, कामात असेल. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. तू 'कसे आहात' लिहायचीस, मी 'ठीक' लिहायचो. तीन महिन्यांपूर्वी तू लिहिलंस की कामाच्या जवळ खोली घेतली आहे, तिथेच राहते. मी विचारलंसुद्धा नाही की नवऱ्यासोबत राहतेस की एकटी. 'छान' असं लिहून मोकळा झालो.

गेल्या गुरुवारी आत्या आली. चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. तिचा आवाज तुला माहीत आहे. एरवी मी तिला म्हणतो, ताई, शेजारचे आपल्या घरात राहत नाहीत, जरा हळू. त्या दिवशी तिचा एकेक शब्द ऐकू आला. ती म्हणाली, "अरे, तुझ्या पोरीने दोन वर्षांपूर्वी तुला विचारलं होतं. बाबा, हा रोज घालूनपाडून बोलतो, कामावरून यायला उशीर झाला की दार उघडत नाही, मी पायरीवर बसून राहते. मला सहन होत नाही, काय करू, तिकडे येऊ का? आणि तू काय म्हणालास? मान खाली घालायची, सवय होते?" मी म्हणालो, ते मी वाऱ्याबद्दल बोलत होतो. ती म्हणाली, "कसला वारा?" मग मी तिला सगळं सांगितलं. फोटो, काच, कागद, कान. आत्याला तू कधी गप्प बसलेलं पाहिलं आहेस का? मी पाहिलं. मग ती म्हणाली, "तू मला निदान कानाचं तरी सांगायचंस रे." आणि रडायला लागली. मला भरून आलं नाही. मी नुसता हिशेब मांडत बसलो, की तू 'बरं' म्हणालीस त्यानंतर किती संध्याकाळी पायरीवर बसली असशील. तो हिशेब मला अजून सुटत नाही आणि सोडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडची वेळ घेतली.

हे सगळं सांगून मला माफी मागायची आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. माफीचं काय ते समोरासमोर, तुझ्या वेळेने. आत्याने निघताना सांगितलं की येत्या रविवारी तो तुला न्यायला येतोय, आणि तू जायचं म्हणतेस. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, पोरगी म्हणते, बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, मीच तीन महिने उगाच ताणून धरलं. भिंगरी, ते वाक्य मी तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कधीच सांगितलं नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं तू काय विचारलंस. तुला तुझ्या मनाने परत जायचं असेल तर जा, मी आडवा येणार नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तो शब्द तुझ्यासाठी नव्हता. फोन करणार होतो. पण तू पलीकडून काय म्हणशील ते मला कळणार नाही, आणि यापुढे मला अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. स्वतः येतो म्हणालो, तर आत्या म्हणाली, आधी लिही, समोर गेलास की पुन्हा मान डोलवशील. म्हणून हे पत्र तिच्या हाती देतोय, ती शुक्रवारी सकाळी तुझ्याकडे पोहोचेल आणि रात्रीपर्यंत परत येईल. पत्र वाचून झालं की तिच्याजवळ 'हो' किंवा 'नाही' एवढं एका चिठ्ठीवर लिहून दे. 'हो' असेल तर शनिवारी सकाळच्या बसने मी सामान आणायला येतो. पुढची खोली मी रिकामी केली आहे, आणि जिन्याखालची अडगळ काढून मोटरसायकलला जागा केली आहे. 'येऊ का' असं विचारलं होतंस ना तू. ये.

दोन वर्षं उशिरा उत्तर देणारा, पण तुझाच,
बाबा